एड्सचं शिक्षण आमच्या बोलीत द्या, ग्रामसभेत द्या



दवाखान्याच्या भिंतीवर एड्सचं पोस्टर लागतं. शहरी मराठी, चित्रात शहरी माणसं. आपल्या ठाकर, कातकरी बाईनं त्यातून काय घ्यायचं? वर साहेब लोक बोलतात, आदिवासींच्या चालीरीतीच मोकळ्या. आम्हाला हे मान्य नाही.

रोग चालीरीतींनी आणला नाही. तो पोटाच्या वाटेनं आला. डिंभे धरणात घोड नदीकाठची भातखाचरं बुडाली. रानात पाय टाकला की फॉरेस्टवाला अडवतो. मग माणूस नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर उभा राहतो, वीटभट्टीवर जातो, पुण्यात बांधकामावर जातो. नवरा एकीकडं, बायको एकीकडं. मुकादमापुढं एकट्या बाईचं काय चालणार? रोग गाठतो तो तिथं. म्हणून जमिनीची लढाई हीसुद्धा एड्सविरुद्धची लढाई आहे.

पण जमीन मिळेपर्यंत गप्प बसून चालणार नाही. नीट समजून घ्या. निरोध न वापरता केलेला शरीरसंबंध, दूषित रक्त, दुसऱ्याला टोचलेली सुई आणि लागण झालेल्या आईकडून बाळाला, असा हा रोग पसरतो. गोंदण आपलं लेणं आहे, ते जरूर गोंदवा. पण दर माणसाला नवी सुई मागा. सुई टोचणाऱ्या डॉक्टरलाही तेच सांगा. एका ताटात जेवून, हात धरून नाचून, डास चावून एड्स होत नाही. सरकारी केंद्रात तपासणी फुकट होते. 2004 पासून सरकारनं औषधंही मोफत द्यायला सुरुवात केली. रोग मुळासकट जात नाही, पण रोज गोळ्या घेतल्या तर माणूस कामाला उभा राहतो. मग त्याला वाळीत कशाला टाकायचं? दुखणाऱ्याला टाकून देणं ही आपली रीत नाही.

पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून आहे. भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावानं 1992 मध्ये दुसरी संस्था सुरू झाली. एक आमचा अभ्यास करते, दुसरी रोगाचा. दोघींनी एकत्र बसावं, आणि आम्हालाही बसवावं.

आमच्या मागण्या :

1. माहिती ठाकरी, कातकरी, कोळी बोलीत तयार करा. ती आधी ग्रामसभेत वाचून दाखवा.

2. शिकवायला पाड्यातलीच माणसं घ्या : सुईण, भगत, तरुण पोरं-पोरी. बायांशी बाईच बोलेल.

3. मजूर अड्ड्यावर आणि भट्टीवर तपासणी व निरोध पोचवा. राजीखुशीशिवाय कुणाचं रक्त घेऊ नका, कुणाचं नाव फोडू नका.

4. कसत्या जमिनी नावावर करा, म्हणजे घर सोडावं लागणार नाही.

वाचता येतं त्यांनी हे पाड्यावर वाचून दाखवा.

जंगल-जमीन आमच्या हक्काची!