पादुआला जाल तर ती बागही पाहा

संत अंतोनीचा सण १३ जूनला येतो आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडे पेरणीची घाई असते. त्यामुळे आपण शेतकरी मंडळी तो सण अर्धे लक्ष आभाळाकडे ठेवूनच पाळतो. पण ज्यांची मुले परदेशी नोकरीला लागली आहेत, अशा काही वडीलधाऱ्यांना अलीकडे रोमच्या यात्रेचा योग येतो व त्यात पादुआचाही मुक्काम असतो. परत आल्यावर ही मंडळी संतांच्या कबरीवर हात टेकल्याचे सांगतात, पदके वाटतात, फोटो दाखवतात. ऐकून आनंद होतो. मात्र मी दर वेळी एक प्रश्न विचारतो व दर वेळी निराश होतो. "बॅसिलिकेजवळ वनस्पतींची बाग आहे, ती पाहिली का?" उत्तर ठरलेले. गाडी सुटायची होती, दुकानांत वेळ गेला.

शेतकऱ्याने पादुआला जाऊन ती बाग न पाहता परतावे, हे मला पटत नाही. बॅसिलिकेपासून ती पायी काही मिनिटांवर आहे. १५४५ साली व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी ती स्थापन केली, व जमीन होती बेनेडिक्टाइन मठवासीयांची. तेव्हापासून आजपर्यंत ती त्याच जागी आहे. आपल्या जागेवरून न हललेली इतकी जुनी विद्यापीठाची बाग जगात दुसरी नाही. म्हणूनच १९९७ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवले. १५८५ साली लावलेले एक ताडाच्या जातीचे झाड तिथे अजून जिवंत आहे व त्याच्यासाठी काचेचे घर उभारले आहे.

पण ती बाग काढली कशासाठी, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. शोभेसाठी नव्हे. त्या काळी पादुआत वैद्यक शिकणाऱ्यांना औषधी झाडे ओळखता येत नसत. जुन्या ग्रीक ग्रंथांत नावे होती, परंतु अमुक नाव नक्की कोणत्या झाडाचे, यावर वैद्यांचे एकमत नसे. औषध विकणारेही एका मुळीच्या जागी दुसरी खपवीत. रोगी मरे आणि दोष मात्र रोगाला लागे. तेव्हा फ्रान्चेस्को बोनाफेदे नावाच्या प्राध्यापकाने आग्रह धरला की विद्यार्थ्याला झाड जिवंत दाखवले पाहिजे. त्यातून ही बाग झाली. औषधी झाडांना इतके मोल होते की चोऱ्या होऊ लागल्या व काही वर्षांतच बागेभोवती गोल भिंत घालावी लागली. कुंपणाशिवाय बाग टिकत नाही, हे त्यांनाही चोरांनीच शिकवले म्हणायचे!

तिथे विषारी झाडांचाही वेगळा भाग आहे. गेलात तर त्या भागात अवश्य थांबा. का, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या एका मुलाने खेळता खेळता कुंपणावरच्या झाडाच्या बिया खाल्ल्या. चवीला त्या शेंगदाण्यासारख्या लागल्या म्हणे. तासाभरात उलट्या व जुलाब सुरू झाले. इस्पितळात नेल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बी कशाची?" आजी म्हणाली एरंड. शेजारी म्हणाला काडहरळ. आणखी एक जाणते गृहस्थ होते, ते म्हणाले जेपाळ. तिन्ही झाडे वेगळी आणि जेपाळ तर फारच जहाल. शेवटी कोणीतरी सायकलवरून गावी जाऊन फांदी तोडून आणली. ती निघाली मोगली एरंडाची, म्हणजे शेजारी म्हणाला तीच. मूल वाचले. पण त्या दोन तासांत आम्ही सगळे जन्मभर शेतात राबलेले लोक एका कुंपणाच्या झाडापुढे अडाणी ठरलो. तेव्हापासून मी सांगत असतो की असा प्रसंग आला तर रोग्याबरोबर फांदी, पान, फळ जे मिळेल ते घेऊन जा. नुसत्या नावावर विसंबू नका.

नावे फसवतात. पिवळा धोतरा घ्या. नाव धोतरा, पण खऱ्या धोतऱ्याशी त्याचे काही नाते नाही. तो मेक्सिकोकडून आलेला काटेरी तण आहे. कानडीतही त्याला अरिसिन उम्मत्त, म्हणजे हळदी धोतराच म्हणतात. त्याची काळी बारीक बी मोहरीसारखी दिसते व मोहरीत मिसळली की तेलात विष उतरते. पाय सुजतात, धाप लागते, हृदय थकते. १९९८ साली दिल्लीत अशा तेलाने साठच्या वर माणसे दगावली. ब्राह्मीचेही तसेच आहे. आपल्या भागात पुष्कळ जण ओंदेलगा, म्हणजे मंडूकपर्णी, यालाच ब्राह्मी म्हणतात व दुसरीकडचे वैद्य त्याच नावाने ओलसर जागेतली निराळीच वेल देतात. इथे निदान जिवाला धोका नाही. सगळीकडे तसे नसते.

ही विद्या परदेशीच आहे, असे मात्र समजू नका. पणजीच्या निष्कलंक मातेच्या चर्चसमोर जी बाग आहे, तिला गार्सिया द ओर्ता याचे नाव आहे. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. इथल्या झाडांवर त्याने संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात धोतऱ्याचा प्रसंग आहे. धोतरा देऊन चोरी केल्याचा. त्याच्या मरणानंतर १५८० साली त्याची हाडे इन्क्विझिशनने उकरून जाळली, हेही सांगितले पाहिजे. ती आपल्या इतिहासातली लाजिरवाणी गोष्ट आहे.

पुढे मलबारात डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याने 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला काढला. त्या कामात आरंभी फादर मॅथ्यू हे इटलीचे कार्मेलाइट धर्मगुरू होते. इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य होता आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोकणी ब्राह्मणही होते. ग्रंथातल्या चित्रांवर झाडाचे नाव लॅटिन, मल्याळम, अरबी व नागरी अशा लिपींत घातले आहे. एका झाडाखाली चार लिपी! ज्याला जी वाचता येईल, त्याने ती वाचावी.

माझे मागणे एवढेच आहे की आपल्या चर्चच्या आवारात, विहिरीकडच्या रिकाम्या जागेत, अशी एक छोटी बाग करावी. अडुळसा, तुळस, कोरफड, निर्गुडी, ब्राह्मी आणि मंडूकपर्णी शेजारी शेजारी. प्रत्येकापाशी पत्र्याची पाटी आणि तीवर मराठी, कानडी, कोकणी व लॅटिन नाव. विषारी झाडे मुलांच्या हाताला लागतील म्हणून काहींचा विरोध आहे व तो रास्त आहे. त्यांची रंगीत चित्रे धर्मशिक्षणाच्या वर्गात भिंतीवर लावू. पण ओळख द्यायचीच नाही, हे चालणार नाही. ती झाडे आपल्या बांधावर आहेतच.

नावे अंदाजाने लिहू नयेत. धारवाडला १९४७ साली सुरू झालेले शेतकी महाविद्यालय आहे व १९८६ पासून तिथे कृषी विद्यापीठ आहे. त्यांच्या मेळ्याला आपण ट्रॅक्टर आणि पंप पाहायला जातोच. या वेळी जाताना पिशवीत चार फांद्या घालून नेऊ आणि जाणकाराकडून नावे लिहून आणू.

दाजीबानपेठेत बाजाराला येणाऱ्यांनी जुने पत्र्याचे डबे फेकू नयेत, कापून पाट्या होतील. अडुळशाच्या व निर्गुडीच्या काड्या मी देईन. मंडूकपर्णी आमच्या मोरीच्या कडेला माजली आहे, ती टोपलीभर न्या. खरी ब्राह्मी मात्र कोणाकडे असेल, त्यांनी पाऊस लागण्याआधी कळवावे.