मंदावलेली कामेच्छा हा कुणाचा दोष नव्हे

रेल्वेच्या रुळांकडेच्या भिंतींवर आजही 'गुप्तरोग', 'मर्दाना कमजोरी', 'खात्रीशीर इलाज' ही अक्षरे रंगवलेली दिसतात. लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही हा धंदा चालतो, कारण इच्छा मंदावलेल्या माणसाला आपल्यातच काही उणे आहे असे वाटते आणि समाज त्याच्या या भीतीला दुजोरा देतो.

यातला पहिला समज असा, की इच्छा कमी झाली म्हणजे वीर्य खर्ची पडले, पौरुष ओसरले. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, असे शिकलेली माणसेही सांगतात. शरीरशास्त्रात याला कसलाच आधार नाही. शुक्रपेशी वृषणांत सतत तयार होत असतात आणि वीर्यातला बहुतेक द्रव शुक्राशय व प्रोस्टेट ग्रंथी पुरवतात. वीर्यनाशाच्या या धास्तीने खचलेल्या तरुणांच्या त्रासाला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली 'धात सिंड्रोम' हे नाव दिले. म्हणजे ज्या समजुतीवर चूर्णे खपतात, ती समजूतच माणसाला आजारी पाडते.

खरे काय घडते? नोकरी जाण्याची टांगती तलवार असो, कर्जाचा हप्ता असो की आजारी आईची चिंता, मेंदू त्याला धोका समजतो. अॅड्रिनल ग्रंथींतून अॅड्रिनालिन आणि कॉर्टिसॉल रक्तात उतरतात. ताण महिनोन्महिने टिकला, की मेंदूतला हायपोथॅलॅमस लैंगिक संप्रेरकांसाठी धाडायचा संदेश क्षीण करतो. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन उतरू शकते, स्त्रियांची पाळी पुढेमागे होऊ शकते. लिंगाला ताठरता येण्यासाठी तिथल्या रक्तवाहिन्या सैल व्हाव्या लागतात. अॅड्रिनालिन त्यांना आकसवते. झोपेचेही तसेच. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिले, तेव्हा त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घटले. २०११ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग लहान होता, पण दिशा स्पष्ट दाखवतो.

दुसरा समज अधिक घरे मोडतो: जवळीक नको म्हणजे प्रेम आटले, किंवा बाहेर दुसरे कुणी आहे. या संशयातून प्रश्न सुरू होतात, प्रश्नांतून परीक्षा. लैंगिकतेचे संशोधक मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७० सालीच दाखवले होते, की 'मला जमेल का?' या धास्तीने माणूस शय्येवर स्वतःकडेच परीक्षकासारखा पाहू लागतो आणि तिथेच सगळे थांबते. संशय हा ताणावर चढवलेला आणखी एक ताण आहे.

तिसरा समज वडीलधाऱ्यांचा: 'आमच्या वेळी काय ताण नव्हते? तरी घरात सहा-सहा मुले झाली.' मुलांची संख्या हे इच्छेचे माप नव्हे. त्या सहा बाळंतपणांत किती वेळा त्या बाईला विचारले गेले होते? हाच प्रश्न महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी धसाला लावला. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, खटले सोसले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. स्त्रीलाही कामेच्छा असते आणि तिची इच्छा विचारात घेतली पाहिजे, हे कर्व्यांचे म्हणणे होते. आज नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि सासरची आजारपणे एकटीने ओढणाऱ्या बाईला रात्री फक्त झोप हवी असते. तिला थंड म्हणणे अन्याय आहे. तिच्या वाट्याचे निम्मे काम नवऱ्याने रोज उचलणे, हा कुठल्याही चूर्णापेक्षा खरा उपाय आहे.

मात्र सगळेच ताणाच्या माथी मारणेही चुकीचे. बॅनक्रॉफ्ट आणि यानसेन या संशोधकांच्या मते कामेच्छेला गाडीसारखे अॅक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही असतात, आणि ते माणसागणिक वेगळे असतात. म्हणूनच ताणात काहींची इच्छा वाढतेसुद्धा. मधुमेह, थायरॉइडचा विकार, नैराश्य, त्यावरच्या काही गोळ्या, दारू यांनीही इच्छा घटते. ताठरता न येणे ही कधी हृदयविकाराची आगाऊ सूचना असते. ताठरतेसाठी घेतली जाणारी सिल्डेनाफिलची गोळी रक्तप्रवाह वाढवते, इच्छा निर्माण करत नाही. आणि हृदयासाठी नायट्रेटची औषधे घेणाऱ्याच्या ती जिवावर बेतू शकते. चालू औषध मनानेच बंद करणेही धोक्याचे.

तेव्हा त्रास काही आठवडे टिकला तर भिंतीवरचा फोन नंबर फिरवू नका. पात्रताधारक डॉक्टरांकडे जा, रक्तातली साखर आणि थायरॉइड तपासून घ्या, घेत असलेली सगळी औषधे त्यांना सांगा. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे दोघांनी मिळून जा. आणि त्याआधी, आजच, आपल्या जोडीदाराला एवढे सांगा, की मी थकलो आहे, मी थकले आहे. तू नकोसा झालेला नाहीस, नकोशी झालेली नाहीस.