चुकलेलं उत्तर कुठे गेलं?

52 मधून 27 वजा केले तर किती? तिसरी-चौथीच्या कुठल्याही वर्गात हे गणित फळ्यावर लिहून बघा. बऱ्याच मुलांचं उत्तर 25 येईल. काहींचं 35 येईल. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यांनी सरळ सातातून दोन काढले. हातचा घ्यायचा असतो, हे त्यांच्या गावीच नाही. कुणी 79 लिहील. त्याने चिन्ह न बघता बेरीज उरकली. आणि एखादी मुलगी 26 लिहील. तिला हातचा पक्का समजलाय, फक्त बारातून सात मोजताना एक बोट राहून गेलं. पहिल्याला दशक सुटा करणं नव्याने शिकवायला हवं, दुसऱ्याला ‘चिन्ह बघ रे’ एवढं सांगितलं तरी पुरे, तिसरीला सरावाची गरज आहे. गुणपत्रकात मात्र तिघांनाही शून्य.

हे शून्य मग मोबाइलवर चढतं. 2023-24 पासून आपल्याकडे नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आल्या: वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत, नंतर संकलित एक आणि दोन, विषय प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. पेपर शिक्षकांनी तपासायचे आणि चॅटबॉटवर गुण भरायचे. रेंज नसेल तर टेकाडावर जाऊन भरायचे. माहिती पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्रात जमा होते, तिचे रंगीत आलेख होतात, आणि केंद्रप्रमुखांचा फोन येतो. फोनवर विचारणा कसली? ‘तुमच्या शाळेची गुणनोंद किती टक्के झाली?’ मुलांना किती आलं याची नव्हे, किती भरलं याची! आणि गुणांवरून शाळांचा क्रम लावायला लागलं की गुण वाढतात. मुलांचं गणित वाढतंच असं नाही.

या सगळ्यावर ‘तंत्रज्ञान नकोच, खडू-फळा बरा’ असं म्हणणारा मी नव्हे. याच शतकाच्या सुरुवातीला वडोदऱ्यात एक मोठा प्रयोग झाला. महापालिकेच्या शाळांतल्या चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले. एका संगणकापुढे दोन मुलं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजणी केली तेव्हा गणितातली वाढ ठळक दिसली (पुढे वर्षभरात ती बरीच ओसरली, हेही त्यांनीच नोंदवलं). त्या खेळांची खुबी एवढीच, की ते मुलाच्या उत्तराप्रमाणे सोपे-अवघड होत. चुकलं की तिथेच, त्याच मिनिटाला पुढचा प्रश्न बदले. माहिती कुठेही ‘वर’ जात नव्हती. त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या भागात, मुंबई आणि वडोदरा दोन्हीकडे, संगणकाऐवजी ‘बालसखी’ होत्या: वस्तीतल्याच तरुणी, मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळं शिकवणाऱ्या. फायदा तिथेही झाला. म्हणजे यंत्र असो वा माणूस, मूल नेमकं कुठे अडलंय हे पाहून शिकवणं चालतं. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेची वाचनचाचणी तर एका कागदावर मावते. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मुलाला जवळ बसवून वाचायला लावायचं, आणि उद्या त्याला कुठल्या गटात बसवायचं ते आजच ठरतं.

आपल्याकडच्या माहितीत हे ‘कुठे अडलं’ टिकत नाही. गुण प्रश्नवार भरा की एकूण भरा, चूक कसली होती ते पेपरच्या गठ्ठ्यातच राहतं. किती मोलाची माहिती वाया जाते बघा. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘सदतीस’च्या जोडीला ‘तीस सात’ असं संख्यावाचन आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण परोपरीने समजावत होत्या. टीव्हीवर विनोद चालले होते. सदतीस ऐकून 73 लिहिणारी मुलं किती, आणि ती दुसरीच्या अखेरीपर्यंत सावरतात का, हा खरा प्रश्न होता. चुकलेली उत्तरं साठवण्याची सवय असती तर तो वाद अंदाजावर लढावा लागला नसता.

गंमत म्हणजे हे सांगणारा शासननिर्णय जुनाच आहे. 20 ऑगस्ट 2010 च्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक मूल्यमापनाला मानाची जागा आहे: दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, स्वाध्याय. प्रत्यक्षात त्या नोंदी वर्षअखेरीला एका बैठकीत, बाजारातल्या तयार वाक्यांच्या पुस्तिकेतून लिहिल्या जातात. ‘गणिती क्रियांत रुची घेतो.’ कोण घेतो?

शिक्षण विभागाकडे मागणं मोठं नाही. चाचणीत एका-दोन प्रश्नांपुरते तरी गुणांऐवजी मुलाने लिहिलेलं उत्तर भरू द्या. संगणकाला 35 वाले, 79 वाले वेगळे काढायला क्षणही लागणार नाही. ती यादी आलेखांच्या आधी वर्गशिक्षकाच्या फोनवर पाठवा. आणि ती हातात पडल्यावर पुढचे दोन दिवस शाळेला दुसरी कुठलीही लिंक भरायला सांगू नका. शिक्षकांना तेवढा वेळ शिकवायला लागेल.