मंगळाच्या गावात दुर्बीण

उज्जैनला मामाकडे जाताना या वेळी दुर्बीण नेली. 70 मिलिमीटर भिंगाची, तिपाईवरची. खोक्यावर ‘525 पट’ असं ठळक छापलं होतं. त्याला भुलून मीच घेतली, त्यामुळे बोलायची सोय नाही. एवढ्या भिंगाला फार तर 140 पट झेपतं; पुढे सगळा धूर.

माघातल्या शुद्ध अष्टमीला फ्रीगंजातल्या गच्चीवर ती मांडली आणि शेजारच्या काकूंची पहिली फर्माईश आली, “मंगळ दाखव.” साहजिकच आहे. मंगळाचा जन्म इथलाच अशी श्रद्धा. मंगळनाथाला भातपूजेसाठी लांबलांबून माणसं येतात. मी मंगळ लावला. काकूंनी पदर सावरत एक डोळा गच्च मिटला, दुसरा लावला. “एवढाच?” नारिंगी ठिपका, शिताएवढाही नाही. मामा म्हणाला, “पूजेला आलेल्यांना दाखवू नकोस हो, दक्षिणा परत मागतील.”

मंगळ तसा 26 महिन्यांतून एकदाच जवळ येतो, आणि तेव्हाही लहान दुर्बिणीत फारसं काही हाती लागू देत नाही. गुरू दिलदार. त्याचे चार चंद्र एका ओळीत दिसतात आणि दुसऱ्या रात्री जागा बदललेले असतात. मृगातला तेजोमेघ मात्र चांदण्यात फिका पडतो, तो अवसेच्या आसपास बघावा.

पण खरी मौज चंद्राची, तीही पौर्णिमेची नाही. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात. चंद्र पापडासारखा सपाट. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या काठांची सावली आत पडते, आणि काळोखात एखादंच शिखर उन्हानं पेटलेलं असतं. तिथे काकू खिळल्या. मग एकदम ओरडल्या, “अरे, पळाला! मी हात नाही लावला हं.”

कुणीच लावला नव्हता. 70 पटीवर चंद्र दोन-तीन मिनिटांत चौकटीबाहेर सरकतो. फिरते ती आपली गच्ची, काकूंसकट.

सकाळी मामाला घेऊन जंतरमंतरला गेलो. सवाई जयसिंगांची ही वेधशाळा पडझडीला आली होती. माधवराव शिंद्यांनी 1923 मध्ये तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपट्यांनी तिचा कारभार पाहिला. इथल्या जुन्या यंत्रांत भिंग एकही नाही. सम्राटयंत्राच्या, म्हणजे इथल्या सूर्यघड्याळाच्या, कमानीवर सावलीची कड सरकत होती. रात्री चंद्र पळाला तो याच चालीनं.

मामानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं, सावली वाचली. “चाळीस मिनिटं मागे आहे की रे हे!”

सत्तावीस मिनिटं उज्जैन प्रमाणवेळेच्या रेषेच्या पश्चिमेला असल्याची, बाकीची माघातल्या सूर्याची, असं मी सांगितलं. मामानं घड्याळ काढलं, सावलीला लावून घेतलं आणि दुपारच्या जेवणाला चाळीस मिनिटं उशिरा आला.