बंदी कीं बंदोबस्त ?

लोकांच्या हिताकरितां म्हणून सरकार जेव्हां एखादा निर्बंध घालतें, तेव्हां ज्यांच्या हिताचा तो म्हणून सांगितला जातो त्यांस आधीं कोणी विचारलें होतें काय, हा प्रश्न सुज्ञ नागरिकाच्या मनांत प्रथम उद्भवतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत क्रेटम नांवाच्या वनस्पतीवरून जो वाद माजला, त्याचें मर्म याच प्रश्नांत आहे. वाद दूरदेशींचा खरा. परंतु त्यांतील तत्त्व आमच्या वाचकांच्या, विशेषतः व्यापारी बंधूंच्या, नित्य व्यवहारांतलें असल्यामुळें त्याचा येथें विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

क्रेटम हा थायलंड, मलेशिया व इंडोनेशिया या देशांत वाढणारा वृक्ष. कॉफी ज्या कुळांतली त्याच कुळांतला हा असून आपल्याकडील कळंबाचा तो जवळचा भाऊबंद आहे. तिकडील मजूर श्रमपरिहारार्थ याचीं पानें पिढ्यान् पिढ्या चघळीत आले आहेत. अल्प प्रमाणांत घेतल्यास हुशारी येते, अधिक घेतल्यास वेदना बोथट होऊन गुंगी येते. यांतील मिट्राजिनीन हें मुख्य द्रव्य अफूची क्रिया मेंदूंत जेथें घडते तेथेंच आपलें कार्य करतें, आणि म्हणूनच त्याचा उपयोगही आहे व भयही आहे.

अमेरिकेंत या पानांची पूड लोकप्रिय होण्यास कारण तेथील वेदनाशामक औषधांचा अनर्थ होय. अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिसेवनानें त्या देशांत 2016 या एकाच वर्षीं 42 हजारांहून अधिक माणसें मेलीं. या व्यसनाच्या फांसांतून सुटूं पाहणाऱ्या पुष्कळांनीं, तसेंच जुनाट दुखण्यांनीं गांजलेल्यांनीं, क्रेटमचा आश्रय केला. इकडे इंडियाना, विस्कॉन्सिन, आर्कान्सा, अलाबामा इत्यादि संस्थानांनीं एकामागून एक बंदीचे कायदे केले, आणि 2016 च्या ऑगस्टअखेर मादक द्रव्यांच्या मध्यवर्ती खात्यानें क्रेटममधील दोन द्रव्यें हेरॉइनच्या पंक्तीस बसविण्याचा आपला मनोदय जाहीर केला. लोकांचें म्हणणें मागविण्याची तसदीही आरंभीं घेण्यांत आली नव्हती.

यानंतर जें घडलें तें लोकमताच्या सामर्थ्याचें उत्तम उदाहरण आहे. अध्यक्षांकडे पाठविलेल्या अर्जावर एक लक्षाहून अधिक सह्या पडल्या. सप्टेंबरांत शेंकडों लोक राजधानींत अध्यक्षांच्या निवासस्थानासमोर जमले. प्रतिनिधिगृहाच्या 51 सभासदांनीं, आणि तेही दोन्ही पक्षांच्या, घाई न करण्याविषयीं पत्र धाडलें. अखेर 13 ऑक्टोबर 2016 रोजीं त्या खात्यानें आपली सूचना मागें घेतली व लोकांचें मत मागविलें. तेव्हां 23 हजारांवर अभिप्राय आले. त्यांत निवृत्त शिपाई होते, रोगी होते, वैद्यकाचे जाणकारही होते.

येथवर वाचून कित्येकांस वाटेल कीं, लोकांचा पक्ष निखालस खरा व सरकारचा सर्वथा खोटा. आमचें मत तसें नाहीं. क्रेटमची संवय जडते व ती सोडतांना हाल होतात, हें नाकारतां येत नाहीं. जुलै 2016 पासून डिसेंबर 2017 पर्यंत अतिसेवनानें घडलेल्या 27,338 मृत्यूंच्या सरकारी तपासणींत 152 जणांच्या शरीरांत क्रेटम आढळलें, व त्यांपैकीं 91 जणांच्या मृत्यूस तें कारण झाल्याचा निर्णय देण्यांत आला. मात्र दुसरें कोणतेंच द्रव्य आढळलें नाहीं असे त्यांत सातच होते. शिवाय 2018 सालीं दूषित क्रेटमपासून साल्मोनेला जंतूंची बाधा 41 संस्थानांतील 199 लोकांस झाली. शिवाय बंदीविरुद्ध ओरडणाऱ्यांत दुखणाइतांबरोबर दुकानदारही होते. त्यांचा कळवळा केवळ परोपकाराचा होता, असें मानण्याइतके आम्ही भोळे नाहीं.

पण या आंकड्यांचा अर्थ काय ? मिश्रण मारक आहे, भेसळ मारक आहे, प्रमाणाचें अज्ञान मारक आहे. या तिहींवर उपाय तपासणीचा आहे, बंदीचा नव्हे. बंदीनें मागणी मरत नाहीं. ती काळ्या बाजाराच्या दारीं जाते, आणि तेथें ना वजनाची खात्री ना शुद्धतेची. व्यसनमुक्तीच्या वाटेवर असलेल्या माणसाच्या हातची काठी हिसकावून घेतली तर तो पूर्वींच्याच खड्ड्यांत पडण्याचें भय असतें, याचा विचार कायदे करणाऱ्यांनीं केला पाहिजे.

हा दुसरा मार्ग केवळ कल्पनेंतला नाहीं. यूटा संस्थानानें 2019 सालीं कायदा करून मालाची नोंदणी, वेष्टनावर घटकांचा स्पष्ट उल्लेख, भेसळीस मज्जाव व 18 वर्षांखालील मुलांस विक्रीची मनाई, असा बंदोबस्त घालून दिला. ज्या थायलंडनें 1943 सालीं हा वृक्ष निषिद्ध ठरविला, त्यानेंच 24 ऑगस्ट 2021 रोजीं त्यास मादक द्रव्यांच्या यादींतून काढलें. जुलै 2025 मध्यें अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें क्रेटममधील एका उग्र द्रव्याच्या घट्ट केलेल्या मालावर नियंत्रणाची शिफारस केली, तेव्हां नैसर्गिक पान हें आपलें लक्ष्य नसल्याचें त्यानें स्पष्ट सांगितलें. पान व अर्क यांतील हा विवेक 2016 सालींच केला असता तर केवढा मनस्ताप वांचला असता !

आतां आपल्याकडे वळूं. झाडपाल्याचें म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत आपल्यांत खोल रुजली आहे. कुचलाही वनस्पतीच आहे व अफूही वनस्पतीचाच चीक आहे, हें आपण सोयीनें विसरतों. ज्या पुडींत काय आहे हें विकणारासही ठाऊक नसतें, ती विश्वासानें घेणें हें स्वातंत्र्य नव्हे, आंधळेपण होय. ज्या व्यापाऱ्यास उद्यां बंदी नको असेल, त्यानें आज आपला माल तपासून, घटक लिहून, निर्धास्तपणें उजेडांत मांडावा. ज्या सरकारास लोकांचें आरोग्य हवें असेल, त्यानें पुरावा चव्हाट्यावर ठेवावा, दुखणाइतांचें म्हणणें ऐकावें आणि मगच लेखणी उचलावी. अमेरिकेंतील सामान्य जनांनीं सरकारास थांबून ऐकावयास लाविलें, हें त्यांनीं योग्यच केलें. परंतु सरकारकडून पुरावा मागणाऱ्यानें आपल्या हातांतल्या पुडीविषयींही तोच पुरावा मागितला, तरच त्याचा विजय खरा म्हणावयाचा.