हट्ट पाच मिनिटांचा, संसार पंधरा वर्षांचा

हौसेला मोल नाही, असे आपण सहज म्हणून जातो. मोल असतेच, फक्त दर वेळी ते हौस करणाऱ्याच्या खिशातून जात नाही. पाळीव प्राण्यांच्या बाबतीत तर ते बहुधा त्या मुक्या जीवालाच चुकवावे लागते. आज हा विषय काढण्याचे निमित्त आहे चिंचिला नावाचा एक चिमुकला प्राणी. मोबाइलवरच्या मिनिटभराच्या चित्रफितींनी त्याला घराघरांत पोहोचवले आहे. मोठे गोल कान, टपोरे काळे डोळे, झुपकेदार शेपटी आणि राखेसारख्या धुळीत गिरक्या घेत केलेली आंघोळ! 'किती गोड!' असे म्हटल्याशिवाय कोणाला राहवत नाही. माझ्या परिचयातल्या दोन घरांत 'आपणही आणू या' हा हट्ट सुरू झाला आहे. मुलांचा हट्ट मी समजू शकतो. पण 'छोटासाच तर आहे, कुत्र्यासारखी कटकट नाही' असे आई-बाबाही म्हणू लागतात, तेव्हा काळजी वाटते.

हा प्राणी आहे तरी कुठला? दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या कोरड्या, थंड, खडकाळ उतारांवरचा. तिथल्या थंडीने त्याला जे रक्षण दिले, तेच त्याच्या मुळावर आले. आपल्या डोक्यावर एका छिद्रातून साधारण एक-दोन केस उगवतात. चिंचिलाच्या अंगावर एकेका छिद्रातून पन्नासाहून अधिक. ही मऊ लोकर युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंतांना हवीशी झाली. एका लांब कोटाला शंभराहून अधिक जनावरांची कातडी लागत. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर चिलीतून ही कातडी लाखोंनी परदेशी जात होती. अखेर १९१० साली चिली, पेरू, बोलिव्हिया आणि अर्जेंटिना यांनी मिळून शिकारीवर बंदीचा करार केला, तोवर डोंगर जवळजवळ रिकामे झाले होते. आजही रानातला चिंचिला संकटग्रस्त आहे. त्याच्यासाठी चिलीने १९८३ मध्ये एक राखीव क्षेत्रही निर्माण केले.

मग पिंजऱ्यातले चिंचिले आले कुठून? मथायस चॅपमन नावाचा अमेरिकी खाण-अभियंता चिलीत नोकरीला होता. त्याने अकरा चिंचिले मिळवले आणि १९२३ मध्ये बोटीने कॅलिफोर्नियाला नेले. डोंगरावरून त्यांना एकदम खाली आणले नाही. सवय व्हावी म्हणून टप्प्याटप्प्याने उतरवले आणि बोटीवर गारव्यासाठी बर्फाची सोय केली. अमेरिकेतल्या बहुतेक पाळीव चिंचिलांचे मूळ या अकरा जनावरांत आहे, असे मानले जाते. चॅपमनचा हेतू लोकरीच्या धंद्याचा होता, प्रेमाचा नव्हे. तरीही त्या धंदेवाल्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की या जीवाला उष्णता सोसत नाही. आज लाडाने प्राणी विकत घेणाऱ्याला नेमके तेच ठाऊक नसते.

पंचवीस अंशांच्या वर पारा चढू लागला, की चिंचिला धोक्याच्या टापूत येतो. हवा दमट असेल तर अधिकच. मुंबईचा मे किंवा ऑक्टोबर आठवा. म्हणजे रात्रंदिवस वातानुकूलन आणि वीज गेली तर जिवाला घोर. त्याला पाण्याने आंघोळ घालायची नाही, कारण दाट केस लवकर वाळत नाहीत आणि कातडीला बुरशी धरते. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून सतत चघळायला चांगले वाळलेले गवत हवे. मुले कौतुकाने बेदाणे नाही तर बिस्किटाचा तुकडा भरवतील, आणि तेच त्याच्या पोटाला बाधेल. दिवसा तो झोपतो, रात्री उड्या मारतो. घट्ट धरलेले त्याला खपत नाही. घाबरला तर केसांचा पुंजका हातात सोडून निसटतो. थोडक्यात, कुशीत घेऊन बसण्याचे हे खेळणे नाही.

सगळ्यात महत्त्वाचा हिशेब वर्षांचा आहे. हॅमस्टरचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. चिंचिला सहज दहा-पंधरा वर्षे जगतो, कधी वीसही. दहा वर्षांच्या मुलीसाठी आणलेला चिंचिला ती पदवीधर होऊन नोकरीला लागेपर्यंत घरात असेल. दरम्यान तिची दहावी-बारावी होईल, कदाचित वसतिगृहही येईल. गवत घालणारे आणि पिंजरा धुणारे हात आईचेच असतील. लहान प्राणी म्हणजे लहान जबाबदारी, हा आपला मोठा गैरसमज आहे.

असे आपण पूर्वी केलेलेच नाही काय? २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे धावणारा पग आला आणि शहरोशहरी पगची मागणी वाढली. चपट्या नाकाच्या त्या कुत्र्याला आपल्या उन्हाळ्यात श्वास घेणे किती जड जाते, हे जाहिरातीत कोण सांगणार? शुभ म्हणून प्लास्टिकच्या डब्यात विकले जाणारे लाल कानपट्टीचे कासव रुपयाएवढे असते. पुढे ते ताटलीएवढे होते आणि गुपचूप तळ्यात सोडले जाते. तिथे ते स्थानिक कासवांच्या अन्नावर घाला घालते. जगातल्या सर्वाधिक उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे.

कायदा काय करतो? २०१८ च्या नियमांनी पाळीव प्राण्यांच्या दुकानांना नोंदणी बंधनकारक केली. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात आंतरराष्ट्रीय व्यापार-करारातल्या परदेशी प्रजातींची वेगळी सूची घातली आणि त्या बाळगणाऱ्यांवर नोंदणीची जबाबदारी टाकली. २०१७ मध्ये भारताने चिंचिलाच्या कातड्यांची आयातही रोखली. पण प्राणी वाऱ्यावर सोडून देणाऱ्याला १९६० च्या कायद्याने पहिल्या गुन्ह्यासाठी ठरवलेला दंड होता दहा ते पन्नास रुपये! तेव्हा सरकारने पाहावे म्हणून आपण मोकळे होण्यात अर्थ नाही. लगाम घरातच हवा.

तो फार अवघड नाही. प्राणी दिसला त्या दिवशी विकत घ्यायचा नाही, महिनाभर थांबायचे. त्या महिन्यात मुलांना त्याची माहिती मिळवायला लावायची. आपल्या गावात त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर आहे का, सुटीत गावी गेल्यावर त्याला कोण सांभाळणार, महिन्याचे वीजबिल किती येईल, हे कागदावर मांडायचे. दुकानदाराकडे नोंदणीचे कागद मागायचे. महिन्यानंतरही हौस टिकली, तर जवळच्या निवाऱ्यातले, आपल्याच हवेत वाढलेले एखादे कुत्र्या-मांजराचे पिल्लू बघून यायचे. त्यालाही घर हवेच असते.

दुरून डोंगर साजरे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. अँडीजच्या डोंगरातला हा जीवही दुरूनच साजरा दिसतो. त्याचे कौतुक करावे, मुलांना त्याची गोष्ट सांगावी, आणि त्याला पडद्यावरच राहू द्यावे.